बटण लपवलं, पण पावती उघडतेच

प्रश्न असा आहे: गृहनिर्माण संस्थांसाठीचं एक वेब ॲप्लिकेशन, मागे (सर्व्हरवर) जँगो, पुढे (ब्राउझरमध्ये) रिॲक्ट. सचिव, खजिनदार, सभासद, भाडेकरू, ऑडिटर, वॉचमन असे रोल. चार-पाच वर्षांत बऱ्याच जणांचे हात कोडला लागले आणि ज्याने त्याने परवानगी आपल्या सोयीच्या जागी तपासली. कुणी व्ह्यूमध्ये (पत्ता उघडला की सर्व्हरवर चालणारा कोड), कुणी टेम्प्लेटमध्ये (पानाचा साचा), कुणी नुसतं बटण लपवून मोकळा झाला. आता एका स्क्रीनवर जे दिसत नाही ते दुसऱ्या स्क्रीनवरून मिळतं. हे सगळीकडे एकसारखं कसं करायचं, आणि त्यासाठी एखादी तयार लायब्ररी घ्यावी का?

लायब्ररीचं नंतर बोलू, तो सगळ्यात सोपा भाग आहे. सोसायट्यांच्याच सॉफ्टवेअरवर मी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच देतो.

आधी एक काम करा. पूर्ण कोडमध्ये रोलची नावं शोधा आणि सापडलेल्या ओळी एका फाइलीत काढून ठेवा. आम्ही हे केलं तेव्हा ‘सचिव’ १४० च्या वर ठिकाणी निघाला. कुठे ‘सचिव किंवा अध्यक्ष’, कुठे ‘सचिव किंवा खजिनदार’, कुठे नुसताच ‘भाडेकरू नसेल तर’, आणि एका ठिकाणी ‘सचिव, पण यूजर क्रमांक ४७ सोडून’. हा ४७ कोण, हे टीममधल्या कुणालाच आठवेना. ती ओळ काढायची हिंमतही आठ महिने कुणी केली नाही.

आम्ही कामाला लागलो ते मात्र या ओळींमुळे नाही. एका रविवारी सकाळी एका सोसायटीच्या खजिनदारबाईंचा फोन आला. “अहो, मी माझी पावती डाउनलोड करत होते, वर पत्त्यात शेवटी ८८१२ दिसलं. गंमत म्हणून ८८१३ केलं, तर भलत्याच कुणाची पावती आली. हे गृहस्थ आमच्या सोसायटीतले नाहीतच!” नाव, फ्लॅट नंबर, चेकचा नंबर, बँकेचं नाव, सगळं त्या पावतीवर होतं. आमच्या कोडमध्ये पावत्यांची यादी बरोबर होती, तिथे प्रत्येकाला आपल्याच पावत्या दिसत. पावतीचं पानही बरोबर होतं. पीडीएफ बनवणारा व्ह्यू मात्र दीड वर्षाने वेगळ्या माणसाने लिहिला होता आणि त्यात ‘लॉगिन केलंय का’ एवढाच प्रश्न विचारलेला होता. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नव्हता. दुसरा प्रश्न विचारायचा असतो हे त्याला सांगणारं कोडमध्ये काहीच नव्हतं.

ही चूक जुनी आणि जगभरची आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या कंपनीच्या साइटवरून सुमारे ८८.५ कोटी दस्तऐवज असेच उघडे असल्याचं बाहेर आलं. दुव्यातला आकडा बदलला की पुढच्या माणसाचे कागद, आणि लॉगिनचीही गरज नाही. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत परवानगी तपासणीतल्या चुका २०१७ मध्ये पाचव्या क्रमांकावर होत्या, २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावर आल्या. कुणीतरी लगेच म्हणेल, आकड्याऐवजी लांबलचक रँडम आयडी टाका. टाका, हरकत नाही. पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी आपल्या पावतीचा दुवा पाठवणारच, आणि मग तो रँडम आयडी दोनशे लोकांकडे असतो. दुवा अवघड करणं म्हणजे परवानगी तपासणं नव्हे.

आता मुद्द्याचं. ‘हा सचिव आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं: ह्या व्यक्तीला, ही कृती, ह्या वस्तूवर करता येते का? तीनातला एक भाग जरी गाळला तरी उत्तर कुठेतरी चुकतंच.

एक खरा नमुना सांगतो. आमच्या एका ग्राहकाचे दोन फ्लॅट होते. कोथरूडच्या सोसायटीत ते सचिव, ठाण्याच्या सोसायटीत नुसते सभासद (फ्लॅट भाड्याने दिलेला), आणि स्वतः राहायला तिसरीकडे, भाडेकरू म्हणून. आमच्या यूजर टेबलमध्ये ‘रोल’ नावाचा एकच कॉलम होता. त्यात ‘सचिव’ लिहिलेलं. म्हणजे हे गृहस्थ ठाण्यातही सचिव झाले आणि जिथे भाडेकरू होते तिथे तर घरमालकाची थकबाकी बघू लागले. रोल हा माणसाचा गुण नाही, माणसाचं त्या त्या सोसायटीशी असलेलं नातं आहे. त्यामुळे तो वेगळ्या टेबलमध्ये हवा: व्यक्ती, सोसायटी, रोल, कधीपासून, कधीपर्यंत. शेवटचे दोन कॉलम लोक हमखास विसरतात. कमिटीची मुदत संपते, निवडणूक होते, नवे लोक येतात, आणि जुन्या सचिवांचा अधिकार काढायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही, कारण ‘अजून हस्तांतर व्हायचंय’. तारीख असेल तर तो आपोआप संपतो.

तिसरा भाग, म्हणजे वस्तू, ही काही संगणकवाल्यांनी काढलेली नवलाई नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याचं कलम ३२ वाचा. सभासदाला संस्थेचे उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्तं पाहता येतात. हिशोबाच्या वह्यांपैकी मात्र त्याचे स्वतःचे व्यवहार ज्या भागात नोंदले आहेत तेवढाच भाग. आपण ज्याला ऑब्जेक्टवरची परवानगी म्हणतो ती इथे एका वाक्यात लिहिलेली आहे. (गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये कायद्यात वेगळं प्रकरण आलं आहे, तेव्हा नियम कोडमध्ये उतरवण्याआधी आजचा मजकूर जाणकाराकडून तपासून घ्या.)

मग कृतींची यादी करा. स्क्रीनची किंवा एपीआयची (प्रोग्रॅमनी सर्व्हरशी बोलायच्या पत्त्यांची) यादी नको. ‘एडिट पेज’, ‘रिपोर्ट ३’ असली नावं टाका बाजूला. सोसायटीच्या कारभारातली क्रियापदं घ्या: पावती पाहणे, पावती रद्द करणे, व्हाउचर मंजूर करणे, थकबाकीची यादी पाहणे, ना-हरकत दाखला देणे, इतिवृत्त अंतिम करणे. आमच्याकडे अशा ३८ निघाल्या. ही यादी डेव्हलपरने एकट्याने करू नये. आम्ही एका अनुभवी सचिवांना चहा पाजून बसवलं आणि एकेक विचारत गेलो.

“खजिनदार स्वतःचं व्हाउचर मंजूर करू शकतात?”

“छे. त्यांचं मी करतो.”

“आणि तुमचं?”

काका जरा थांबले. “अध्यक्ष करतात.” मग चहाचा घोट घेऊन, “म्हणजे, करायला हवं.”

आमच्या कोडमध्ये तो नियम कुठेच नव्हता. तीन वर्षं प्रत्येक सचिव आपलं व्हाउचर स्वतःच मंजूर करू शकत होता. ‘सचिव आहे का?’ हा प्रश्न विचारला की ‘हो’ येतं. व्हाउचर कुणाचं, हे कोणी विचारतच नाही. थकबाकीदारांची यादी सगळ्या सभासदांना दिसावी की नाही यावर तर त्याच बैठकीत दोन सदस्यांची जुंपली. तो वाद कोडने सोडवायचा नसतो. आम्ही सोसायटीगणिक सेटिंग ठेवलं आणि ठराव क्रमांक लिहायला जागा दिली.

यादी हातात आली की एक फाइल उघडा आणि सगळे नियम तिथे आणा. बाकी सगळा कोड तिथे येऊन विचारेल. मी इथे नावं मराठीत लिहितो: परवानगी_आहे_का(व्यक्ती, कृती, वस्तू). उत्तर हो किंवा नाही, आणि सोबत कारण. कारण परत द्याच, पुढे सपोर्टवाल्यांचे तास वाचतात. ज्या कृतीबद्दल नियमच लिहिलेला नाही तिचं उत्तर ‘नाही’. सॉल्टझर आणि श्रोडर या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी १९७५ मध्येच हे दोन दंडक मांडले होते: मुळात नकार, आणि प्रत्येक वेळी प्रत्येक वस्तूवर तपासणी. पन्नास वर्षं झाली, आणि रेस्ट फ्रेमवर्कची (जँगोवर एपीआय बनवायची लायब्ररी) मूळ सेटिंग अजूनही ‘सगळ्यांना मुभा’ हीच आहे. ती आजच बदला, हे उत्तर पुढे वाचण्याआधी बदललंत तरी चालेल.

जँगो वापरणाऱ्यांसाठी एक खड्डा दाखवून ठेवतो. जँगोच्या हॅज-पर्म या फंक्शनला तुम्ही दुसरा पॅरामीटर म्हणून वस्तू देऊ शकता, त्यामुळे वाटतं की वस्तूवरची तपासणी तयारच आहे. ती नाही. जँगोच्या मूळ बॅकएंडला (परवानगीचं उत्तर देणारा आतला भाग) वस्तू दिली की तो सरळ ‘नाही’ म्हणतो. फक्त जागा ठेवलेली आहे, आत काही भरलेलं नाही. मग कोणीतरी डेडलाइनच्या आदल्या रात्री बघतो की सगळ्यांनाच नकार येतोय, आणि तो दुसरा पॅरामीटर काढून टाकतो. नकार बंद होतो, तिकीट बंद होतं, आणि भोक उघडं राहतं. आमच्या कोडमध्ये अशी पाच ठिकाणं सापडली. दुसरं म्हणजे सुपरयूजरला हेच फंक्शन काहीही न बघता ‘हो’ म्हणतं. त्यामुळे डेव्हलपर सुपरयूजरने लॉगिन करून तपासतो आणि त्याला सगळं नेहमीच चालतं.

इथपर्यंत बहुतेक टीम पोहोचतात. खरी घसरण होते ती यादीत.

एक पावती उघडताना फंक्शनला विचारणं सोपं आहे. पण पावत्यांची यादी दाखवायची तर काय कराल? डेटाबेसमधून सगळ्या आणून एकेकीवर फंक्शन चालवलं तर दोन गोष्टी होतात. एक, ते हळू चालतं. दुसरी जास्त वाईट: पानांचं गणित बिघडतं. पानावर २० पावत्या हव्यात, आल्या ७, आणि खाली लिहिलेलं ‘एकूण ४१२’. सभासदाला बाकीच्या दिसल्या नाहीत, पण त्या आहेत हे आणि किती आहेत हे कळलं. म्हणून सगळे क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नातच, गाळणी लावतात. म्हणजे तोच नियम दोनदा लिहिला गेला, एकदा पायथॉनमध्ये एका वस्तूसाठी आणि एकदा क्वेरीत यादीसाठी. पहिल्या दिवशी दोन्ही जुळतात. सहा महिन्यांनी सहसभासदांनाही पावती दिसावी असं ठरतं, एक जागा बदलते, दुसरी राहते. मग सहसभासदाला दुवा उघडतो पण यादीत पावती नाही, आणि तो फोन करून विचारतो की माझे पैसे जमा झाले का.

यावर मला सापडलेला सगळ्यात टिकाऊ उपाय साधा आहे. पाहण्याचा नियम फक्त क्वेरीच्या रूपात लिहा, एकदाच: दिसणाऱ्या_पावत्या(व्यक्ती). यादी हवी असेल तर ती क्वेरी जशीच्या तशी. एक पावती हवी असेल तर त्याच क्वेरीत ‘क्रमांक ८८१३’ शोधायचं. सापडली तर दाखवा, नाही सापडली तर ‘अशी पावती नाही’. पीडीएफही तिथूनच, एक्सेलही तिथूनच, शोधाचे निकालही तिथूनच. मूळ टेबलवर थेट क्वेरी करणं बंद. आम्ही तर कोड तपासणाऱ्या लिंटरमध्ये नियम टाकला की त्या एका फाइलीबाहेर कुणी ‘पावती, सगळ्या’ असं लिहिलं की बिल्ड लाल. पहिल्या आठवड्यात सगळे चिडले. दुसऱ्या आठवड्यात त्याच लिंटरने आम्हाला अजून दोन जुने रिपोर्ट सापडवून दिले.

लिहिण्याच्या कृतींना, म्हणजे रद्द करणे, मंजूर करणे यांना, वस्तूची अवस्थाही लागते. व्हाउचर आधीच मंजूर झालंय का, वर्षाचे हिशोब बंद झालेत का, ते स्वतःचंच आहे का. ते परवानगी_आहे_का मध्ये लिहा, पण वस्तू आणा ती दिसणाऱ्यांमधूनच. म्हणजे ‘दिसत नाही पण रद्द करता येते’ असला विनोद होत नाही. रेस्ट फ्रेमवर्कमध्ये हेही लक्षात ठेवा की यादीच्या व्ह्यूवर वस्तूनिहाय तपासणी आपोआप चालत नाही, आणि एक वस्तू आणणारी मेथड तुम्ही स्वतः लिहिलीत तर तिथेही ती तुम्हालाच बोलवावी लागते. दोन्ही गोष्टी त्यांच्या दस्तऐवजात लिहिलेल्या आहेत. पण ते पान सगळे भोक सापडल्यावरच उघडतात.

मागच्या दारांकडे आता जरा वळू. वेब स्क्रीन हे पुढचं दार. बॅकग्राउंडला चालणाऱ्या कामांना यूजर नसतोच. खजिनदाराने ‘सगळ्या पावत्यांची झिप बनवा’ म्हटलं, ते काम सेलरीच्या रांगेत गेलं (पगारवाली नव्हे, मागे कामं चालवणारी पायथॉनवाली), आणि वीस मिनिटांनी ते चालतं तेव्हा डेटाबेसचे सर्व अधिकार हातात असलेला एक प्रोसेस कुणाच्या वतीने काम करतोय हे विसरलेला असतो. नॉर्म हार्डी या संगणकतज्ज्ञांनी १९८८ मध्ये याच रोगाचं वर्णन केलं होतं: मोठे अधिकार असलेला मदतनीस दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपले अधिकार वापरून बसतो. रांगेत काम टाकताना सांगणाऱ्याचा क्रमांक सोबत पाठवा आणि काम सुरू होताना परत विचारा. मधल्या वीस मिनिटांत निवडणुकीचा निकालही लागलेला असू शकतो. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांना ‘यंत्रणा’ नावाची एक व्यक्तीच करून द्या, आणि तिला ३८ पैकी ज्या चार-पाच कृती लागतात तेवढ्याच द्या.

कॅशेनेही (एकदा काढलेलं उत्तर साठवून परत वापरणं) आम्हाला एकदा चांगलं पोळलं. डॅशबोर्ड हळू होता म्हणून तो सोसायटीच्या क्रमांकावर साठवला. सकाळी सचिवांनी आधी उघडला, मग पुढची दहा मिनिटं प्रत्येक सभासदाला सचिवांचा डॅशबोर्ड. साठवायचं तर कोणासाठी साठवलं ते किल्लीत हवं. नाहीतर गाळणी लावण्याआधीचा सर्वांना समान असा भागच साठवा.

ईमेलमधून जाणारे तपशील, फाइल स्टोरेजचे दुवे (त्यांची मुदत मिनिटांत ठेवा, महिन्यांत नको), जुन्या मोबाइल ॲपसाठी जिवंत ठेवलेला पहिला एपीआय, जँगोचं ॲडमिन पॅनेल. ही दारं मी नुसती मोजून सोडतो. प्रत्येकाला उपाय वरचाच आहे.

फॉर्ममधून येणारे जादाचे रकाने मात्र सांगितले पाहिजेत. प्रोफाइल बदलण्याच्या फॉर्मवर नाव आणि फोन दोनच रकाने असले तरी पाठवणारा ‘रोल: सचिव’ हेही पाठवू शकतो, आणि आलेलं सगळं मॉडेलमध्ये ओतणारा कोड ते मुकाट्याने घेतो. मार्च २०१२ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एका डेव्हलपरने नेमकं असंच करून रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या अधिकृत कोडमध्ये स्वतःला लिहिण्याचा अधिकार मिळवून दाखवला होता. कोणत्या कृतीत कोणते रकाने बदलतात, हेही त्याच नियमांच्या फाइलीत लिहा.

आता रिॲक्ट. बटण लपवणं ही सोय आहे, सुरक्षा नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी दोन ठिकाणी नियम लिहिले जातातच, कारण बटण दाखवायचं की नाही हे समोरच्या कोडला कुठून तरी कळायला हवं. आम्ही रिॲक्टमधून रोल हा शब्दच हद्दपार केला. सर्व्हर प्रत्येक वस्तूसोबत ‘तुम्हाला यावर काय करता येईल’ याची यादी पाठवतो. पावती ८८१२ सोबत येतं: पाहणे, छापणे. खजिनदाराला त्याच पावतीसोबत: पाहणे, छापणे, रद्द करणे. समोरचा कोड त्या यादीत बघून बटण काढतो. ‘रद्द करण्याची परवानगी नाही’ असा संदेश बटण दाबल्यावर दिसला तर तो बग म्हणून नोंदवायचा, कारण बटण दिसायलाच नको होतं. नकाराचा क्रमांक (सर्व्हर उत्तरासोबत ब्राउझरला पाठवतो तो) कोणता द्यायचा यावर टीममध्ये उगाच तासभर वाद होतो. आमचा नियम: वस्तू दिसतच नसेल तर ४०४, दिसते पण ही कृती करता येत नाही तर ४०३, लॉगिनच नाही तर ४०१. गिटहबही परक्याच्या खाजगी रिपॉझिटरीला ४०४ च देतं.

‘हे सगळं मिडलवेअरमध्ये एकाच जागी टाकलं तर?’ असा पुढचा प्रश्न येईल. मिडलवेअर म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट व्ह्यूकडे जाताना ज्यातून जाते तो थर. लॉगिनची सक्ती तिथे जरूर टाका. जँगो ५.१ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, त्यासाठी तयार मिडलवेअर आहे. ज्या पानाला लॉगिन नको ते तुम्ही मुद्दाम जाहीर करायचं. पण मिडलवेअरला पत्ता कळतो, वस्तू कळत नाही. ८८१३ कुणाची हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय एकाच फाटकावर सगळा भरवसा ठेवला की काय होतं ते मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट-जेएस हे रिॲक्टवरचं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी पाहिलं: एक ठरावीक हेडर पाठवला की मिडलवेअरच वगळलं जायचं, आणि ज्यांची तपासणी फक्त तिथेच होती त्यांची पानं उघडी पडली.

दुसरी भिंत मी डेटाबेसमध्ये घालतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आवृत्ती ९.५ पासून ओळीनिहाय सुरक्षा आहे. तिथे ३८ नियम लिहू नका, वेड लागेल. एकच लिहा: चालू सोसायटीच्या बाहेरची ओळ दिसणार नाही. सोसायटीतल्या सोसायटीत चूक झाली तर वाईटच, पण एका सोसायटीचा डेटा दुसरीला गेला तर कंपनी बुडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात सुरक्षेचे वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. वरिष्ठ वेळ देत नसतील तर हा आकडा मीटिंगमध्ये टाका. दोन सापळे आहेत. टेबलचा मालक असलेल्या यूजरला ही सुरक्षा मुळात लागू होत नाही, आणि जँगो बहुतेक वेळा मालक म्हणूनच जोडलेला असतो. तेव्हा सक्तीचा पर्याय चालू करा, किंवा ॲप्लिकेशनला वेगळा यूजर द्या. दुसरा: ‘चालू सोसायटी’ हे व्हेरिएबल कनेक्शनवर ठेवलंत आणि मध्ये पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शन्स वाटून देणारा प्रोग्रॅम) ट्रॅन्झॅक्शन मोडमध्ये असेल, तर तेच कनेक्शन पुढच्या गिऱ्हाइकाला जाताना तुमची सोसायटीही सोबत जाते. ते व्हेरिएबल त्या ट्रॅन्झॅक्शनपुरतंच ठेवा.

टेस्टबद्दल. नवा व्ह्यू लिहिणारा विसरणार, हे गृहीत धरा आणि विसरणं आवाज करेल अशी सोय करा. आमची एक टेस्ट जँगोचे सगळे पत्ते फिरून येते आणि प्रत्येक व्ह्यूवर कृतीचं नाव जाहीर केलंय का बघते. सार्वजनिक पान असेल तर ‘सार्वजनिक’ असं लिहिलेलं हवं. काहीच नसेल तर टेस्ट पडते. ही चाळीस ओळींची टेस्ट नसती तर बाकीचं सगळं वर्षभरात परत विस्कटलं असतं. डेव्हलपर कोड लिहून बघतात त्या वातावरणात आणखी एक फास आहे: रिक्वेस्ट संपताना परवानगी फंक्शन एकदाही बोलावलं गेलं नसेल तर स्क्रीनभर लाल एरर. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरात, त्यावर विसंबू नका. तोवर डेटाबेसमध्ये लिहायचं ते लिहून झालेलं असतं, आणि जँगोचं मिडलवेअर व्ह्यूच्या ट्रॅन्झॅक्शनच्या बाहेर चालतं, त्यामुळे तिथून काही परत फिरत नाही.

आणि एक तक्ता. आडवे रोल, उभ्या कृती, चौकटीत हो, नाही, किंवा ‘स्वतःचं असेल तर’. आम्ही तो साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवला. टेस्ट तोच तक्ता वाचून प्रत्येक चौकट चालवून बघते, आणि चहावाल्या सचिव काकांनाही तोच पाठवला होता. त्यांनी तीन चौकटींवर लाल खूण करून परत पाठवला. दोन बरोबर होत्या. तिसरीत त्यांना वॉचमनने भाडेकरूंचे फोन नंबर बघू नयेत असं वाटत होतं, पण गेटवरून फोन करायचा तर नंबर लागतोच. शेवटी नंबर न दाखवता फोन लावणारं बटण केलं.

लायब्ररी? तुमच्या आकाराला नियमांची ती एक फाइल पुरते. आमची ६०० ओळींची आहे. जँगो-गार्डियन ही लायब्ररी प्रत्येक व्यक्ती आणि प्रत्येक वस्तूसाठी परवानगीची ओळ साठवते. वापरणारे स्वतः एकमेकांना कागद शेअर करत असतील तिथे ते ठीक. सोसायटीत मात्र अधिकार नात्यातून निघतो, साठवावा लागत नाही. साठवलात तर फ्लॅट विकला की हजार ओळी दुरुस्त करत बसाल. ओपन पॉलिसी एजंट किंवा सीडार (परवानगीचे नियम कोडबाहेर वेगळे लिहायची साधनं) हे पाच-सहा सर्व्हिसेस वेगवेगळ्या भाषांत असतील तेव्हा बघा. गूगलने २०१९ मध्ये झांझिबार या आपल्या परवानगी-यंत्रणेचा पेपर लिहिला तो वाचायला छान आहे, विशेषतः अधिकार काढल्यानंतर जुनं उत्तर वापरलं जाऊ नये याबद्दलचा भाग. पण तीनशे सोसायट्यांसाठी झांझिबार म्हणजे घरच्या पूजेला मंगल कार्यालय.

आता हे चालत्या गाडीत कसं बसवायचं. एका रात्रीत नको. नवं फंक्शन जुन्या तपासणीच्या शेजारी बसवा. निर्णय जुन्याचाच, नव्याला फक्त विचारायचं, आणि दोघांचं जमलं नाही की लॉगमध्ये ओळ: कोण, काय, कशावर, जुनं काय म्हणालं, नवं काय म्हणालं, का. आमच्याकडे पहिल्या दिवशी काही हजार मतभेद निघाले. त्यातले बहुतेक एकाच गोष्टीचे होते, सहसभासद. आठवड्याभरात ते शंभराच्या आत आले. मग एकेक ओळ माणसाने बघायची. ‘जुनं हो, नवं नाही’ या ओळींवर आधी बसा: त्यातली प्रत्येक एकतर आजवर उघडं राहिलेलं भोक असते, किंवा कुणाचं तरी रोजचं काम, जे तुम्ही उद्या बंद पाडणार आहात. एका सोसायटीत ऑडिटर इतिवृत्त अंतिम करत होते, असं लॉगमध्ये दिसलं. फोन केला. सचिव परदेशात मुलीकडे गेले होते आणि जाताना पासवर्ड द्यायला नको म्हणून त्यांनी ऑडिटरनाच कोणत्या तरी जुन्या स्क्रीनवरून वाट काढून दिली होती. आम्ही ‘तात्पुरता कार्यभार’ नावाचा मुदतीचा रोल केला, मगच ती वाट बंद केली.

सुरुवात पावतीपासून करा. वस्तू लहान आहे, नियम सोपे आहेत, आणि पीडीएफचं ते दार तुमच्याकडेही उघडं असण्याची शक्यता दाट आहे. आत्ताच दुसऱ्या टॅबमध्ये आपली पावती उघडा आणि शेवटचा आकडा एकने वाढवून बघा. आणि हो, तो यूजर ४७. मतभेदांच्या लॉगमध्ये तो सापडला. एका सोसायटीचे माजी सचिव, मुदत संपून तीन वर्षं झालेली. कुणीतरी त्यांना थांबवण्यासाठी ती ओळ घातली होती, एका स्क्रीनपुरती. बाकी सगळ्या स्क्रीनवर ते अजून सचिवच होते.